काहीच जोडलेलं नसताना लॅपटॉपला 'दुसरा मॉनिटर' का दिसतो? खोट्या हॉटप्लगचं कारण आणि त्यावरचे उपाय

लॅपटॉपवर काम सुरू आहे. एचडीएमआय केबल नाही, प्रोजेक्टर नाही, डॉकही नाही. तरी मध्येच स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि उघडलेल्या विंडो आपली जागा बदलतात. कधी माऊसचा बाण उजव्या कडेपलीकडे निघून जातो, जणू तिकडे आणखी एक स्क्रीन आहे.

अशा वेळी पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा स्क्रीनवर. पॅनल बदलायचा विचारही सुरू होतो. पण अनेकदा पॅनल ठणठणीत असतं. गडबड असते पोर्टमधल्या एका छोट्या पिनमध्ये आणि त्या पिनचं ऐकणाऱ्या ड्रायव्हरमध्ये. पिन सांगते, 'मॉनिटर जोडला'. ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो. प्रत्यक्षात मॉनिटर नसतोच.

याला 'फॉल्स हॉटप्लग इव्हेंट' म्हणतात, म्हणजे मॉनिटर जोडल्याचा किंवा काढल्याचा खोटा निरोप. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या दोषामुळे एका संगणकाला सुरू व्हायला ३० सेकंदांऐवजी ६ मिनिटांहून जास्त वेळ लागू लागला होता. हे प्रकरण २०१८ मधलं आहे. लिनक्सचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे हा दोष कसा सापडला आणि कसा दुरुस्त झाला, हे पायरी-पायरीने समजून घेता येतं.

हॉटप्लग म्हणजे नेमकं काय?

संगणक चालू असतानाच एखादं उपकरण जोडणं किंवा काढणं म्हणजे हॉटप्लग. पेन ड्राइव्ह आपण तसाच लावतो. मॉनिटरचंही तेच. केबल लावली की दोन-तीन सेकंदांत चित्र दिसतं, बटण दाबावं लागत नाही. हे होतं कसं?

एचडीएमआयच्या पोर्टमध्ये १९ पिन असतात. १८ क्रमांकाच्या पिनवरून लॅपटॉप ५ व्होल्टचा दाब बाहेर पाठवतो. पलीकडे मॉनिटर असेल, तर तो १९ क्रमांकाच्या पिनवर दाब वर चढवून उत्तर देतो. या १९ क्रमांकाच्या पिनचं मुख्य काम म्हणजे 'मी इथे आहे' हे सांगणं. तिला हॉटप्लग डिटेक्ट म्हणतात.

या पिनवरचा दाब वर किंवा खाली गेला की ग्राफिक्स चिप प्रोसेसरला इंटरप्ट पाठवते. इंटरप्ट म्हणजे 'हातातलं काम थांबव, आधी इकडे बघ' अशी हाक. मग ग्राफिक्स ड्रायव्हर जागा होतो आणि मॉनिटरला त्याचं ओळखपत्र मागतो. या ओळखपत्राचं नाव ईडीआयडी. त्याचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो. त्यात कंपनी, मॉडेल आणि मॉनिटरला चालणारी रेझोल्युशन्स लिहिलेली असतात. ते वाचून झालं की ड्रायव्हर डेस्कटॉपला कळवतो आणि डेस्कटॉप स्क्रीनची नवी मांडणी करतो. खिडक्या हलतात त्या इथे.

डिस्प्लेपोर्टमध्ये गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते, कारण तिथे हीच एक तार दोन अर्थांचे निरोप आणते. तारेवरचा दाब अर्धा ते एक मिलिसेकंद खाली जाऊन परत वर आला, तर अर्थ होतो, 'मी जोडलेलाच आहे, पण मला काही सांगायचं आहे'. ही झाली छोटी पल्स. दाब दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ खाली राहिला, तर अर्थ होतो, 'मी निघालो'. ही झाली लांब पल्स. दोन्हींत फरक फक्त वेळेचा, तोही एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपासचा. पुढच्या प्रकरणात हा फरक महत्त्वाचा आहे.

खोटा निरोप येतो कुठून?

हॉटप्लगची तार ही शेवटी एक तार आहे. तिला खरं-खोटं कळत नाही, फक्त दाब कळतो. आणि दाब बदलायला अनेक कारणं पुरतात.

सैल झालेला पोर्ट किंवा जुनी केबल हे सगळ्यात साधं कारण. पिन नीट टेकली नाही, तर दाब वर-खाली होत राहतो. दुसरं कारण मॉनिटरचं वागणं. काही मॉनिटर झोपेत जाताना किंवा इनपुट बदलताना ही पिन सोडून देतात, त्यामुळे केबल न काढताही 'निघालो' असा निरोप जातो. तिसरं कारण मदरबोर्डच्या रचनेत असतं. रिकाम्या पोर्टची तार शून्य व्होल्टला नीट बांधून ठेवलेली नसेल, तर ती लोंबकळत राहते आणि आजूबाजूच्या तारांमधला विद्युत गोंगाट उचलते.

केबल बदलता येते, मॉनिटरही बदलता येतो. पण मदरबोर्डवरची रचना विकून झालेल्या लॅपटॉपमध्ये कोणी बदलत नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रकारात दुरुस्तीचा भार ड्रायव्हरवर पडतो. हार्डवेअर खोटं बोलणार हे गृहीत धरून सॉफ्टवेअरला शहाणं व्हावं लागतं.

'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या गावकऱ्यांपुढे जो पेच होता, तोच ड्रायव्हरपुढे असतो. प्रत्येक हाकेला धावलं तर दिवस वाया जातो. धावणं बंद केलं तर खरा लांडगा आल्यावर मेंढ्या जातात. ड्रायव्हरसाठी मेंढ्या म्हणजे सभागृहात प्रोजेक्टर जोडून पडद्याकडे बघत उभा असलेला माणूस.

२०१३ चा उपाय: एका सेकंदात पाचदा हाक आली तर?

इंटेलच्या ग्राफिक्स चिपसाठी लिनक्समध्ये 'आय-९१५' नावाचा ड्रायव्हर आहे. इंटेल प्रोसेसरच्या असंख्य लॅपटॉपमध्ये तोच काम करतो. त्याच्या जुन्या चिपमध्ये खोट्या इंटरप्टचा अक्षरशः मारा व्हायचा. डेव्हलपर याला 'इंटरप्ट स्टॉर्म', म्हणजे इंटरप्टचं वादळ म्हणतात.

२०१३ मध्ये त्यावर एक व्यवहारी उपाय आला. ड्रायव्हर प्रत्येक पोर्टचे निरोप मोजू लागला. एखाद्या पोर्टकडून एका सेकंदात ठरावीक मर्यादेपलीकडे निरोप आले, तर ते वादळ समजायचं. तेव्हा ही मर्यादा ५ होती. माणूस एका सेकंदात पाच वेळा केबल लावू-काढू शकत नाही, हा त्यामागचा साधा तर्क.

वादळ ओळखलं की ड्रायव्हर दोन गोष्टी करतो. त्या पोर्टचा इंटरप्ट बंद करतो, म्हणजे त्याच्या हाकेला ओ देणं थांबवतो. पण त्याला वाऱ्यावर सोडत नाही. त्याऐवजी दर १० सेकंदांनी स्वतः जाऊन विचारतो, 'कोणी आहे का?' या विचारपूशीला पोलिंग म्हणतात. मग २ मिनिटांनी इंटरप्ट पुन्हा चालू करून बघतो. वादळ शमलं असेल तर सगळं पूर्ववत, नसेल तर पुन्हा बंद.

यात तोटा आहेच. पोलिंगच्या काळात खरा मॉनिटर जोडला, तर तो दिसायला १० सेकंदांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण मॉनिटर उशिरा दिसणं आणि लॅपटॉप अडकून बसणं, यांतलं पहिलं परवडतं.

मग २०१८ मध्ये काय बिघडलं?

पाच वर्षांनी रेड हॅट कंपनीच्या एका ग्राहकाची तक्रार आली. सिस्टिम अपडेट केल्यापासून त्यांचा संगणक सुरू व्हायला प्रचंड वेळ लागत होता. आधी सुमारे ३० सेकंद लागायचे, आता दर वेळी ६ मिनिटांहून जास्त.

तपासणी केल्यावर कळलं की डिस्प्लेपोर्टच्या एका पोर्टकडून निरोपांचा मारा होतोय. त्या पोर्टला काहीही जोडलेलं नव्हतं. संगणक सुरू होताना आधी एक लांब पल्स यायची आणि तिच्यामागे छोट्या पल्सची न थांबणारी रांग लागायची. मशीनमध्ये 'जीएम-४५' ही लॅपटॉपसाठीची ग्राफिक्स चिप होती. इंटेलचा हा चिपसेट २००८ मधला, आणि असल्या वादळांसाठी डेव्हलपरांमध्ये आधीच बदनाम.

वादळ पकडायची यंत्रणा तर २०१३ पासून होती. मग तिने हे का पकडलं नाही?

कारण ती फक्त लांब पल्स मोजत होती. छोट्या पल्सकडे संशयाने बघण्याचं कारणच नव्हतं. 'मी जोडलेलाच आहे, मला काही सांगायचं आहे' असं म्हणणारा मॉनिटर वारंवार बोलला तरी ते नियमात बसतं. त्यामुळे छोट्या पल्स मोजणीतून वगळल्या होत्या. इथे मात्र मॉनिटरच नव्हता, आणि नसलेला मॉनिटर सतत 'मला काही सांगायचं आहे' म्हणत होता. प्रत्येक हाकेला ड्रायव्हर जागा होत होता आणि हाती काही लागत नव्हतं. संगणक सुरू करण्याचं खरं काम मागे पडत होतं.

दुरुस्ती कशी झाली?

सोपा उपाय होता, छोट्या पल्सही मोजा आणि पाच झाल्या की वादळ जाहीर करा. पण मग खरेखुरे मॉनिटर अडचणीत आले असते. धडधाकट मॉनिटरही थोड्या वेळात पाच छोटे निरोप सहज पाठवू शकतो.

म्हणून दोन्ही प्रकारच्या पल्सना वेगवेगळं वजन दिलं गेलं. मर्यादा ५ वरून ५० केली. लांब पल्सचे १० गुण, छोट्या पल्सचा १ गुण. म्हणजे ५ लांब पल्स आल्या तर आधीसारखंच वादळ जाहीर होणार, आणि छोट्या पल्स असतील तर ५० लागणार.

५० हाच आकडा का? छोट्या पल्स न थांबता येत राहिल्या, तर ५० पल्सना साधारण १०० मिलिसेकंद लागतात. मर्यादा याहून कमी ठेवली तर चांगल्या मॉनिटरवर उगाच संशय येईल. जास्त ठेवली तर वादळ पकडेपर्यंत स्क्रीनवरची हालचाल अडखळताना डोळ्यांना जाणवेल. १०० मिलिसेकंद हा या दोन्हींमधला मध्य होता.

आणखी एक खबरदारी घेतली गेली. डिस्प्लेपोर्टच्या एकाच पोर्टवरून साखळीने अनेक मॉनिटर चालवायची सोय असते. तिला मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट म्हणतात. त्यात मॉनिटर आणि ड्रायव्हर यांच्यातला संवादच छोट्या पल्सवर चालतो, त्यामुळे त्यांची संख्या साहजिकच जास्त असते. ही सोय असलेल्या मशीनवर छोट्या पल्सची मोजणी आपोआप चालू न करण्याचं ठरलं. अशी मशीन नवी असतात आणि त्यांत वादळाचा त्रासही कमी असतो, हा त्यामागचा विचार.

चाचणीचा प्रश्न उरला होता. बिघडलेलं मशीन प्रत्येक डेव्हलपरकडे नसतं. त्यासाठी 'कमिलियम' नावाचा बोर्ड वापरला गेला. हा बोर्ड मॉनिटरचं सोंग घेतो आणि सांगाल तशा पल्स पाठवतो. तो एका थिंकपॅड टी-४५०एस लॅपटॉपला जोडून छोट्या पल्सचं कृत्रिम वादळ उठवलं गेलं आणि ड्रायव्हर ते पकडतो की नाही, हे पाहिलं गेलं.

ड्रायव्हर स्वतःच खोटा निरोप तयार करू शकतो का?

हो, आणि २०१६ मध्ये त्याचंही उदाहरण समोर आलं. ते इंटेलच्या 'बे ट्रेल' या कमी विजेवर चालणाऱ्या चिपमधलं आहे. संबंध होता व्हीजीए पोर्टशी, म्हणजे १५ पिनांच्या जुन्या निळ्या पोर्टशी.

व्हीजीएमध्ये हॉटप्लगसाठी वेगळी पिनच नाही. पलीकडे मॉनिटर आहे का, हे शोधायला चिप रंगाच्या तारेवर थोडा दाब देते आणि पलीकडे ७५ ओहमचा रोध लागतो का ते पाहते. बे ट्रेलवर अडचण अशी की ड्रायव्हरने मुद्दाम ही तपासणी करायला लावली की चिप स्वतःच हॉटप्लगचा इंटरप्ट पाठवायची.

यातून एक चक्र तयार व्हायचं. पोलिंगच्या वेळी ड्रायव्हर व्हीजीए तपासतो. तपासल्यामुळे इंटरप्ट येतो. तपासणी संपली म्हणून ड्रायव्हर पोर्ट झोपवतो. तेवढ्यात रांगेत थांबलेला इंटरप्ट पुढे येतो आणि पोर्टला पुन्हा जागं करतो. की परत पोलिंग, परत तपासणी, परत इंटरप्ट. बाहेर काहीच बदललेलं नसताना ड्रायव्हर स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीला उत्तर देत राहायचा.

दुरुस्ती अगदी छोटी होती. व्हीजीए तपासण्याआधी त्या पोर्टचा इंटरप्ट बंद करायचा, तपासणी करायची आणि मग पुन्हा चालू करायचा. कोड मोजक्या ओळींचा, पण चक्र कुठून सुरू होतं हे शोधणं हेच खरं काम होतं.

निरोप आला, पण बदल खरंच झाला का?

वादळ पकडणं ही पहिली चाळणी. पण खोटा निरोप एकटा-दुकटा आला, तर तो वादळात मोडत नाही. त्यासाठी दुसरी चाळणी असते. निरोप आला म्हणून लगेच डेस्कटॉपला कळवायचं नाही. आधी पोर्टची जुनी स्थिती आणि आताची स्थिती ताडून पाहायची. दोन्ही सारख्याच असतील, तर निरोप तिथेच सोडून द्यायचा. डेस्कटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही आणि खिडक्या जागेवर राहतात.

२०२० मध्ये लिनक्समध्ये ही तुलना आणखी नेमकी झाली. प्रत्येक पोर्टला एक आकडा जोडला गेला. पोर्टची स्थिती किंवा मॉनिटरचं ओळखपत्र खरोखर बदललं, तरच तो आकडा वाढतो. आकडा वाढला असेल तरच डेस्कटॉपला निरोप जातो. याचा आणखी एक फायदा झाला. लॅपटॉप झोपेत असताना कोणी एक मॉनिटर काढून दुसरा लावला, तर 'आधी जोडलेला, आताही जोडलेला' एवढीच तुलना फसते. ओळखपत्र ताडून पाहिलं की हा बदल सुटत नाही.

सावधगिरी जास्त झाली तर?

प्रत्येक चाळणीत खरा निरोप अडकण्याचा धोका असतो. एचडीएमआयची केबल सावकाश काढली, तर काय होतं ते बघा. पोर्टमधल्या पिनांची लांबी सारखी नसते, त्यामुळे हॉटप्लगची पिन आधी सुटते आणि ओळखपत्र वाचायच्या पिना किंचित नंतर. ड्रायव्हरला 'निघालो' असा निरोप मिळतो. तो खात्री करायला ओळखपत्र मागतो, आणि ते मिळतंही, कारण त्या पिना अजून टेकलेल्या असतात. ड्रायव्हरचा निष्कर्ष, बदल काहीच नाही, निरोप खोटा. पुढच्या क्षणी केबल पूर्ण निघते, पण आता दुसरा निरोप येत नाही. लॅपटॉप नसलेल्या मॉनिटरला चित्र पाठवत बसतो.

२०१९ मध्ये आय-९१५ ड्रायव्हरमध्ये यावर उपाय आला. निरोप आला पण बदल दिसला नाही, तर विषय लगेच बंद करायचा नाही. थोडं थांबून आणखी एकदा पाहायचं. टाइप-सीच्या ज्या अडॅप्टरला जागं व्हायला वेळ लागतो, त्यांनाही याचा फायदा झाला.

म्हणजे खोटे निरोप गाळण्याचं काम 'कमी ऐका' एवढ्यावर संपत नाही. कधी कमी ऐकावं लागतं, कधी दोनदा विचारावं लागतं, आणि कधी आपणच आवाज करतोय का हे तपासावं लागतं.

तुमच्या लॅपटॉपला हा त्रास असेल तर काय करावं?

सगळ्यात आधी पोर्ट रिकामे करा. केबल, अडॅप्टर, डॉक, सगळं काढा. त्रास थांबला, तर दोष लॅपटॉपबाहेर आहे. मग एकेक वस्तू परत जोडत जा आणि दुसरी केबल वापरून पाहा.

सगळं काढल्यावरही त्रास सुरू असेल, तर ड्रायव्हरकडे वळा. विंडोजवर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस अपडेट पाहा. लिनक्सवर नवं कर्नल वापरून पाहा, कारण वरच्या सगळ्या दुरुस्त्या कर्नलमधूनच येतात.

लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये यासाठी एक खूणही सापडते. आय-९१५ ने वादळ पकडलं की तो पोर्टचं नाव लिहून 'हॉटप्लगवरून पोलिंगवर जात आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ नोंदवतो. ही ओळ दिसली, तर पॅनल बदलायची घाई करू नका. जो पोर्ट कधीच वापरत नाही तोच त्रास देत असेल, तर कर्नलच्या बूट पर्यायांत तो एक पोर्ट कायमचा बंद करायची सोय आहे.

तक्रार नोंदवताना तीन गोष्टी जरूर लिहा. लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, लॉगमधलं पोर्टचं नाव, आणि त्या वेळी पोर्टला काय जोडलेलं होतं. काहीच जोडलेलं नसेल, तर तेही लिहा. २०१८ च्या प्रकरणात निर्णायक ठरली ती हीच माहिती, की पोर्ट रिकामा असूनही निरोप येत होते. ज्या चिपला दहा वर्षं झाली होती, तिचं हार्डवेअर कोणी दुरुस्त करणार नव्हतं. पण एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे ड्रायव्हर बदलला, आणि तशाच वादळात अडकणाऱ्या इतर जुन्या मशीनचीही सोय झाली.